गिरगावातले गाव

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी मेरी रसेल मिटफर्ड या लेखिकेची ओळख करून दिली. इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात थ्री माइल क्रॉस नावाच्या लहानशा खेड्यात ती राहत असे. आपल्या गावाविषयीचे तिचे लेख 'अवर व्हिलेज' या नावाने १८२४ ते १८३२ या काळात पाच भागांत प्रसिद्ध झाले. त्यांत राजे नाहीत, लढाया नाहीत. गावातली गल्ली, शेजारची माणसे, ऋतू, क्रिकेटचा एखादा सामना एवढेच विषय. तरी लोकांनी ती पुस्तके आवडीने वाचली. तास संपताना सरांनी आम्हालाही निबंध दिला: 'मी पाहिलेले एक शांत खेडे'.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आहे. मी तिथे जाते ती मे महिन्याच्या सुट्टीत, पंधरा दिवस. निबंधात मी झुळझुळ वाहणारा ओढा घातला, हिरवी शेते घातली, पाणवठ्यावरच्या बायका घातल्या. वही परत आली तेव्हा समासात तांबड्या शाईने एकच ओळ होती: "हा ओढा कोणत्या महिन्यातला?"

मी ओशाळले. मे महिन्यात आमच्या ओढ्यात दगडच असतात. मी पाहिलेले लिहिले नव्हते, शाळेच्या पुस्तकांत वाचलेले लिहिले होते. सर म्हणाले, "लांब कशाला जातेस? तू गिरगावात राहतेस ना? मग खेडे तुझ्या दाराशी आहे. खोताच्या वाडीत जाऊन ये आणि मग लिही."

खोताची वाडी मला माहीत नव्हती असे नाही. माझी आई तिथे एका घरी गेली नऊ वर्षे स्वयंपाकाला आणि वरकामाला जाते. लहानपणी तिच्याबरोबर मीही जायची. पण आम्ही मागच्या बाजूने जायचो, मोरीच्या दाराने. त्यामुळे वाडीतील ज्या सुंदर घरांचे फोटो लोक काढतात त्यांचे दर्शनी भाग मी कधी उभे राहून पाहिलेच नव्हते. या वर्षी वहीपेन्सिल घेऊन समोरून गेले. जे पाहिले, ऐकले आणि वाचले ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

शहराच्या आधीची गावे

मुंबई हे शहर गावांवर बसलेले आहे. हे समजायला इतिहासाचे पुस्तकही लागत नाही, बसच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. गिरगाव, माझगाव, नायगाव या नावांच्या शेवटी अजून गाव शिल्लक आहे. गिरगाव म्हणजे गिरीच्या, अर्थात मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव, अशी त्या नावाची फोड करतात. परळचेही तसेच. तिथे १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना जमिनीखाली शिवाची भव्य शिल्पशिला सापडली. जाणकार ती सहाव्या शतकातील मानतात. ती आज परळ गावातील बारादेवीच्या देवळात आहे. गिरण्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वी हजार-बाराशे वर्षे तिथे वस्ती आणि भक्ती दोन्ही होती, याचा तो दगडी पुरावाच म्हणायचा.

ही बेटे इंग्रजांच्या आधी पोर्तुगीजांकडे होती. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला आणि त्या तहाने मुंबई इंग्रजांकडे आली. राजाने १६६८ साली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे कोटाच्या आत पेढ्या आणि वखारी वाढल्या. कोटाबाहेर गिरगावच्या बाजूला मात्र नारळी-पोफळीच्या, आंब्या-फणसाच्या बागा होत्या. बागायत जमिनीला वाडी म्हणतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे त्या झाडांनी मागे ठेवलेली आहेत. झाडे गेली आणि त्यांच्या जागी चाळी आल्या, पण पत्त्यात फणस राहिला.

खोताची वाडी त्यांपैकीच एक. खोत म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा वतनदार. माझी एक मैत्रीण रत्नागिरीकडची आहे. 'खोत' शब्द ऐकताच ती म्हणाली, "आमच्या घरी हे नाव कोणी प्रेमाने घेत नाही." ते खरेच आहे. कोकणात खोतांनी कुळांना कसे नाडले ते सर्वांना ठाऊक आहे. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ती पद्धत कायद्याने संपायला स्वातंत्र्य यावे लागले. गिरगावातील हा खोत पाठारे प्रभू समाजातला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकले, आणि ते घेणारे बहुतेक लोक ईस्ट इंडियन ख्रिस्ती होते. अशा रीतीने प्रभूंचे नाव आणि ख्रिस्त्यांची घरे असलेली ही वाडी वसली.

ईस्ट इंडियन कोण?

पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना 'ईस्ट इंडियन' का म्हणावे, हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. हे लोक बाहेरून आलेले नाहीत. मुंबई, साष्टी, वसई या भागातील मूळचे मराठी बोलणारे शेतकरी, कोळी, भंडारी, कारागीर यांतील काही कुटुंबांनी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे इंग्रजी राज्यात गोवा आणि मंगलोरहून पुष्कळ ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत आले. नावे सारखी, चर्च एकच. मग आपण इथले आहोत आणि कंपनीच्या नोकरीत पहिल्यापासून आहोत, हे दाखवायचे कसे? १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या वर्षी या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीची आठवण ठेवून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि आपली संघटना काढली. थोडक्यात, हे दिशेचे नाव नसून कंपनीचे नाव आहे.

त्यांच्या लग्नात 'उंबराचं पाणी' नावाचा विधी असतो. वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद असे वीसपंचवीस जिन्नस भाजून कुटतात आणि तो मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. त्यालाच बाटली मसाला म्हणतात. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे असते आणि ते शेजारणीलाही सांगत नाहीत. आईने नऊ वर्षे तो मसाला हाताळला आहे, पण प्रमाण तिलाही कळलेले नाही.

इथे एक गोष्ट कबूल करते. आई ज्यांच्याकडे काम करते त्या आंटी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या मला "ये बाय, पानी पिनार का?" असे विचारायच्या तेव्हा मला वाटायचे, ख्रिस्ती आहेत म्हणून यांना नीट मराठी येत नाही. मी मनात त्यांना सुधारत असे. आता भाषेच्या तासाला शिकताना कळले की किनाऱ्यावरच्या कितीतरी बोलींत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. आंटींची मराठी म्हणजे या बेटावरची जुनी मराठी आहे. आणि माझी आई? तीही 'पानी'च म्हणते, कारण पाटणकडे तसेच म्हणतात. शाळेत असताना मी तिला चारचौघांत दोनदा टोकले होते. तेव्हापासून माझ्या शिक्षकांशी बोलताना ती शक्यतो पाणी हा शब्द टाळते, हे माझ्या अलीकडेच लक्षात आले.

घर कसे असते?

चर्नी रोड स्टेशनावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला आले की सेंट तेरेझा चर्चच्या समोरच्या अंगाला वाडीत शिरणारी गल्ली आहे. रस्त्यावर बस, टॅक्सी, हातगाड्या, फेरीवाले यांचा गलका चालू असतो. आत वीसपंचवीस पावले गेले की आवाज मागे राहतो आणि चक्क चिमण्या ऐकू येतात. याची कारणे साधी आहेत. गल्ली इतकी अरुंद आहे की मोटार पुढे जाऊच शकत नाही. ती सरळ नाही, घराघराला वळसे घालत जाते, कारण ती आखून केलेली नसून घरे बांधल्यावर उरलेल्या जागेतून झाली आहे. शिवाय रस्त्याकडच्या उंच चाळी भिंतीसारखा आवाज अडवतात. म्हणजे ज्या चाळींना लोक गजबजलेल्या म्हणतात, त्यांच्याच आडोशाने वाडीची शांतता टिकून आहे.

घरे बहुधा एकमजली. सांगाडा लाकडाचा, छप्पर उतरते कौलारू. पुढे ओसरी आणि तिच्यावर नक्षीच्या कठड्याची लाकडी गॅलरी. रंग ठसठशीत: पिवळा, निळा, तांबडा, हिरवा. वरच्या मजल्यावर जाण्याचा जिना पुष्कळ ठिकाणी घराबाहेरून असतो. त्यामुळे खालच्यांना न ओलांडता वर जाता येते, आणि एका घरात दोन भाऊ किंवा मालक नि भाडेकरू सुखाने राहू शकतात. या घरांना पोर्तुगीज घरे म्हणण्याची रीत आहे, पण उतरते छप्पर, ओसरी आणि मागची मोरी तर आमच्या पाटणच्या घरालाही आहे. पावसाच्या मुलखात घर बांधायचे तर छप्पर उतरतेच हवे, मग राज्य कुणाचेही असो.

ओसरीला या घरांत फार महत्त्व आहे. ती रस्त्याची नसते आणि पूर्ण घरातलीही नसते. संध्याकाळी म्हातारी माणसे तिथे खुर्ची टाकून बसतात, येणारा-जाणारा "काय आंटी?" म्हणून थांबतो. कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा परदेशाहून आला, हे सगळे तिथे कळते. मिटफर्डबाईंनी आपल्या गल्लीविषयी लिहिले ते बहुधा असेच पाहून. नाक्यावर क्रूस आहे, त्याला फुलांचा हार असतो. नाताळात घरोघर कागदी चांदण्या लागतात. वाडीत हिंदू कुटुंबेही आहेत आणि गणपतीही बसतात. ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, ती इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माशाच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेली 'अनंताश्रम' ही खाणावळ याच वाडीत होती. ती आता बंद झाली आहे.

घरे का पडतात?

वाडीत पूर्वी पासष्ट घरे होती, असे जुने लोक सांगतात. आज जुनी घरे मोजायला लागले तर तिशीच्या आतच संपतात. राहिलेल्या जागांवर इमारती उभ्या आहेत. माझी समजूत अशी होती की कोणीतरी लबाड माणूस येतो आणि घर पाडतो. आंटींनी समजावले तेव्हा कळले, घर आतून पडत येते.

पहिले कारण वारसांचे. समजा, एका घराला चार मुले आणि त्या चौघांना प्रत्येकी चार, तर दोन पिढ्यांत सोळा मालक झाले. त्यांतले काही वसईला, काही कॅनडाला, काही ऑस्ट्रेलियाला. छपराला पैसे द्यायची वेळ आली की सोळांतले दोघे पुढे येतात, आणि विकायची वेळ आली की सोळाही. दुसरे कारण खर्चाचे. सागवानाचे लाकूड महाग झाले, ते काम करणारे सुतार कमी झाले, वाळवी मात्र तितकीच राहिली. तिसरे कारण भाड्याचे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. भाडेकरूला आसरा मिळाला हे फार मोठे काम झाले, आमच्यासारखी कुटुंबे त्यामुळेच गिरगावात टिकली. पण त्या भाड्यात मालकाला एक कौलही बदलणे परवडेना. चौथे कारण जमिनीच्या भावाचे. एकमजली घराखालच्या जमिनीवर कितीतरी मजले चढवण्याची परवानगी मिळू शकते, तेव्हा घर हे घर राहत नाही, न वापरलेली जागा ठरते.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. मुंबईसाठी १९९५ साली वारसा जतनाचे नियम आले. त्यांत एकेकट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसर जपण्याची कल्पना आहे. इंग्लंडमध्येही हा विचार फार जुना नाही. तिथे १९६७ च्या कायद्याने 'जतन क्षेत्रे' ठरवायला सुरुवात झाली. विल्टशायरमधील लेकॉक हे गाव मटिल्डा टॅल्बट या मालकिणीने १९४४ साली आपल्या वाड्यासकट नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. तिथली घरे आजही त्या संस्थेची आहेत आणि लोक त्यांत भाड्याने राहतात. इंग्रजी खेड्यांची शांतता आपोआप टिकते असे मला वाटत होते. तसे नाही. तिथेही कुणीतरी मालकी सोडली, कुणीतरी नियम केला आणि छपराचा खर्च कुणीतरी उचलला, तेव्हा ती टिकली.

आमच्या खोलीची गोष्ट

आता जे लिहायचे आहे ते लिहू की नको, असा विचार मी बरेच दिवस केला.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. आजी गिरगावात पोळ्या करायला येई. तिच्या ओळखीने दहा बाय बाराची खोली पगडीने मिळाली. बाबा सातवीतून शाळा सोडून बुकबाइंडिंगच्या कारखान्यात लागले. त्याच खोलीत माझा जन्म झाला. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिली. मजल्यावर चौदा बिऱ्हाडे आणि टोकाला तीन संडास. परीक्षेच्या दिवसांत मी गॅलरीत दिव्याखाली बसून वाचते, कारण आत बाबांना झोपायचे असते.

आमची चाळ पुनर्विकासाला जाणार आहे. गेल्या दिवाळीत संमतीपत्रे फिरली. बाबांनी सही केली, आईनेही केली. मी त्याच आठवड्यात वाडीची टिपणे काढत होते. मी आईला म्हटले, "जुनी घरे अशी पाडत गेली तर गिरगावात गिरगाव राहणार नाही." आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "आगं, आपल्याला दाराच्या आत संडास मिळंल. रात्री तुला गॅलरीतनं जाताना मी जागी राहते, ती निजंन." मला पुढे बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे आंटींना सांगितले. मला वाटले त्या रागावतील. त्या म्हणाल्या, तुझी आई बरोबर बोलते. मग त्यांनी मला वर नेऊन छपराखाली ठेवलेल्या पाच बादल्या दाखवल्या. पावसाळ्यात त्या बादल्या रात्री दोनदा रिकाम्या कराव्या लागतात आणि ते काम आता त्यांच्याने होत नाही. "लोक येतात, फोटो काढतात, किती सुंदर म्हणतात," त्या म्हणाल्या. "बादलीचं कोनी नाय विचारत." त्यांचा मुलगा विकायचे म्हणतो. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

तेव्हापासून मला वाटते की 'जुने जपा' आणि 'जुने पाडा' या दोन्ही घोषणा दुरून देणे सोपे आहे. चाळ आणि वाडी यांत फरकही आहे. आमची खोली मजुराला शहरात कमीत कमी जागेत कसे ठेवता येईल या हिशेबाने बांधली होती. ती जावी याचे मला दुःख नाही. दुःख होईल ते गॅलरीचे, कारण तिथे आम्हा चौदा घरांची ओसरी होती. वाडीतले घर मात्र राहणाऱ्याने स्वतःच्या सुखासाठी बांधले होते. ते राहण्यालायक आहे, फक्त दुरुस्तीचा भार एकट्या म्हातारीच्या अंगावर टाकणे बरोबर नाही. ही वाडी सगळ्या मुंबईचा ठेवा आहे असे आपण म्हणत असू, तर तिच्या कौलांची वर्गणी सगळ्या मुंबईने द्यायला हवी. नियमाने घर पाडू नका म्हणायचे आणि गळके छप्पर मात्र तुमचे तुम्ही बघा म्हणायचे, हा न्याय नव्हे. आणि ज्या नव्या इमारती होतील त्यांत निदान मजल्यामजल्यावर चार माणसे बसतील एवढी मोकळी जागा ठेवा, असे आमच्या चाळीच्या सभेत कुणीतरी म्हणायला हवे. मी म्हणणार आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीचे किती ऐकतील ते बघू.

गिरगावखालून आता मेट्रो धावते. कोणी त्या स्टेशनातून वर आले तर वाडी फार लांब नाही. जरूर जा. पण ती माणसांची राहती घरे आहेत हे ध्यानात ठेवा. ओसरीवर कुणी बसले असेल तर फोटोआधी चार शब्द बोला. आणि कोणी "पानी पिनार का?" असे विचारले तर त्यांना सुधारू नका.

सरांना मी निबंध पुन्हा लिहून दिला आहे. या वेळी त्यात ओढा नाही, पाच बादल्या आहेत. महिना कोणता तेही लिहिले आहे: जुलै.